फोटोखाली तारीख आणि गाव लिहा

श्रावणातल्या सकाळी भडगाव तालुक्यातल्या एखाद्या जुन्या विहिरीवर घटकाभर उभं राहावं. विहिरीवर वाकलेली बाभूळ, तिच्या शेंड्यांना लोंबणारे आठ-दहा खोपे आणि चोचीत हिरवी पात धरून ये-जा करणारे पिवळ्या डोक्याचे पक्षी. पातीच्या कडेला चोचीने एक खाच पाडायची आणि तिथे घट्ट धरून झेप घ्यायची. झेपेच्या जोराने वीतभर पट्टी सोलून निघते. मग ती खोप्याच्या कडेत खुपसायची, पलीकडून ओढून घ्यायची, पुन्हा आत सारायची. एका खोप्यासाठी अशा शेकडो खेपा होतात.

कॅमेरा घेऊन तिथे दोन तास बसलेल्या माणसाला हळूहळू उमगतं, की हे सगळं विणकाम नर करतो आहे. खोप्याचा घुमट अर्धा झाला की तो थांबतो, खोप्याला लटकून पंख फडफडवतो आणि मादीला बोलावतो. मादी येते, आत शिरते, धागे ओढून पाहते. तिला पसंत पडलं तरच पुढचं बांधकाम होतं आणि खालची लांब नळी उतरते. नापसंत झालेले अर्धे खोपे वाऱ्यावर तसेच हलत राहतात. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी सुगरणीला मराठी घराघरांत पोहोचवलं. तिच्या कष्टाळू जोडीदाराची ओळख आता कॅमेरा करून देतो आहे.

खानदेशात असे कॅमेरे गेल्या काही वर्षांत खूप वाढले. शिक्षक, दुकानदार, बँकेतले कर्मचारी, शेतकऱ्यांची कॉलेजात जाणारी मुलं रविवारी पहाटे गाडीला किक मारून नदीकडे किंवा डोंगराकडे निघतात. ज्यांच्याकडे मोठी लेन्स नाही, ते मोबाइलवर फुलपाखरं टिपतात. ही हौस चांगली आहे आणि ती वाढायला हवी. मात्र या हौशीतून निघणाऱ्या हजारो फोटोंचं पुढे काय होतं, हे पाहिलं की मन खट्टू होतं. सकाळचा फोटो दुपारी स्टेटसवर लागतो आणि चोवीस तासांनी उतरतो. एका फोनवरून दुसऱ्यावर जाताना व्हॉट्सॲप त्याचा आकार घटवतं आणि फोटोच्या पोटात साठवलेली तारीख, वेळ, ठिकाण ही माहितीही गळून पडते. दोन वर्षांनी तोच फोटो फिरत परत येतो तेव्हा तो कुणी, कुठे, कोणत्या महिन्यात काढला हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून हौशी छायाचित्रकारांपुढे एक साधा आग्रह मांडायला हवा. ताडोबा, रणथंबोरला वर्षातून एकदा जरूर जावं. एरवी बारा महिने मात्र स्वतःच्या तालुक्याला द्यावेत, प्रत्येक फोटोखाली तारीख आणि गाव लिहावं, आणि पक्ष्याला उठवून लावणारा फोटो काढूच नये. एवढं झालं तर दहा वर्षांत भडगावच्या शिवाराचा असा दस्तऐवज तयार होईल, जो आज कुठल्याही सरकारी कपाटात सापडणार नाही.

बारा महिने का, याचं उत्तर खानदेशच्या ऋतूंतच आहे. या भागात जूनमधलं शिवार आणि एप्रिलमधलं शिवार शेजारी शेजारी ठेवलं तर एकाच गावचं आहे यावर परक्या माणसाचा विश्वास बसणार नाही.

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडला की बांधावरच्या ओल्या मातीतून लाल मखमली किडे वर येतात. नाव मृगाचा किडा, पण पाय मोजले तर आठ भरतात, म्हणजे तो कोळ्यांचा भाऊबंद. तो दिसतो मोजके दिवस. मग वर्षभर जमिनीखाली. याला मोठी लेन्स लागत नाही. जमिनीवर पोटावर झोपून, मोबाइल त्याच्या पातळीला आणला की मखमलीचा एकेक केस दिसतो. त्याच आठवड्यात डबक्यांत बेडकांचा गोंधळ सुरू होतो. एरवी हिरवट-मातकट असणारा मोठा बेडूक, म्हणजे त्यातला नर, अचानक लिंबासारखा पिवळाधमक होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवून मादीला साद घालतो. हा रंगही थोडक्या काळाचा. जो त्या पावसाच्या रात्री किंवा दुसऱ्या सकाळी गेला, त्यालाच तो मिळतो.

चातकाचं तर सगळं महत्त्वच तारखेत आहे. डोक्यावर तुरा असलेला हा काळा-पांढरा पक्षी पावसाच्या आगेमागे आफ्रिकेकडून येतो. असे पाहुणे पक्षी कोणत्या गावात कोणत्या दिवशी पहिल्यांदा दिसले, ही माहिती गोळा करण्यासाठी 2007 साली देशात ‘मायग्रंटवॉच’ नावाचा उपक्रम सुरू झाला होता. त्यात लोकांकडून मागितलं होतं ते एवढंच: पक्षी, गाव आणि पहिल्या दर्शनाची तारीख. भडगावच्या एखाद्या शेतकऱ्याने मळ्यातल्या निंबावर बसलेल्या चातकाचा धूसर, हललेला फोटो काढला आणि खाली ‘7 जून’ असं लिहिलं, तर स्पर्धेत पहिल्या आलेल्या बिनतारखेच्या फोटोपेक्षा अभ्यासकाला तोच जास्त उपयोगी पडतो.

पावसाळ्यात उजेड कमी असतो, ढग दिवसभर हटत नाहीत. अशा वेळी आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोत दाणे येतात. दाणे आले म्हणून कुणी हिरमुसू नये. काळजी घ्यायची ती लेन्सची. दमट हवेत लेन्सच्या काचेच्या आत बुरशी धरते आणि एकदा धरली की ती काढणं खर्चाचं काम. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून कॅमेरा ठेवला तर तो अनेक पावसाळे टिकतो.

पोळा झाला, नवरात्र आलं, की शिवाराचा रंग पुन्हा बदलतो. नदीकाठच्या चिखलात शेपटी वरखाली हलवणारे धोबी दिसू लागले, की हिवाळी पाहुण्यांचा हंगाम सुरू झाला असं समजावं. विजेच्या तारेवर नीलपंख बसलेला असतो. बसलेला असताना तो मातकट वाटतो. तारेवरून झेप घेतली की पंखांतली निळाई एकदम उघडते. तो क्षण पकडायला शटरचा वेग सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका ठेवावा लागतो आणि त्याची झेपेची सवय ओळखावी लागते. तो किडा पकडून बऱ्याचदा त्याच तारेवर, त्याच जागी परत येतो. ज्याने आधी अर्धा तास नुसतं पाहिलं, त्याला ही झेप मिळते.

दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो हाच नीलपंख. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या अहवालाने देशातल्या 942 जातींचा आढावा घेतला. त्यात नीलपंखाची संख्या घटत असल्याचं आढळलं आणि जागतिक संकटग्रस्त यादीतल्या त्याच्या स्थानाचा फेरविचार व्हावा, असं सुचवलं गेलं. हा अहवाल उभा राहिला तो सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांनी ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर टाकलेल्या तीन कोटींच्या आसपास नोंदींवर. त्यांतले बहुसंख्य हौशी होते. आपल्या गावच्या तारेवरचा नीलपंख त्या मोजणीत आला का, हे गावातल्या कॅमेरेवाल्यांवर अवलंबून आहे.

पौष-माघात दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, निसवते. कणसं भरू लागली की भोरड्यांचे थवे येतात. शेकडो, कधी हजारो पक्षी एका अंगाने वळतात आणि आकाशात काळं कापड झटकल्यासारखं दिसतं. मध्य आशियाकडून इतक्या दूर आलेला हा पक्षी शेतकऱ्याला कणसं खाणारा चोर वाटतो, आणि तो कणसं खातोही. मात्र तोच किडे आणि टोळही खातो. शेतात शेकोटीवर वांगी भाजून भरिताचा बेत रंगतो, त्याच सकाळी धुईतून उगवत्या उजेडात या थव्याचा फोटो मिळतो. धुई असताना कॅमेऱ्याचा मोजणारा डोळा फसतो, फोटो काळपट येतो. उजेडाची मात्रा थोडी वाढवून घेतली की दृश्य डोळ्यांना दिसलं तसं उतरतं. एक दिवस हाताशी असला तर भुसावळ तालुक्यातलं तापीवरचं हतनूर धरण गाठावं. तिथल्या फुगवट्यावर चक्रवाक आणि तऱ्हेतऱ्हेची बदकं थंडी काढतात.

मग पळस फुलतो, काटेसावर लाल होते. दादरीवरच्या भोरड्या या फुलांतला मध प्यायला येतात आणि त्यांची चोच, कपाळ परागकणांनी पिवळं होतं. एप्रिल सरता सरता त्या उत्तरेला परततात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरवाशिणी झोके घेत असतात तेव्हा खानदेश तापलेला असतो. जळगाव-भुसावळच्या उन्हाचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, हे राज्यभर ठाऊक आहे. या उन्हाने छायाचित्रकाराला एक शिस्त लावून दिली आहे. सकाळी नऊनंतर नांगरटीवरून झळा उठतात, लांबच्या लेन्समधून पाहिलं तर हरीण काय नि टिटवी काय, सगळं पाण्यात हलल्यासारखं दिसतं. कितीही महाग लेन्स असली तरी त्या झळांतून स्पष्ट फोटो येत नाही. म्हणून उन्हाळ्यातलं काम पहाटे साडेपाच ते साडेआठ, आणि नंतर थेट संध्याकाळी.

उन्हाळ्यातच गिरणेच्या पात्रातली सगळ्यात नाजूक गोष्ट घडते. गिरणा-तापीसारख्या नद्यांचं पाणी ओसरलं की मधल्या वाळूच्या बेटांवर टिटवी, आर्ली, नदी सुरय अंडी घालतात. घरटं म्हणावं असं काही नसतं. वाळूत एक उथळ खळगा, त्यात वाळूच्याच रंगाची, ठिपक्यांची दोन-चार अंडी. दहा पावलांवरूनही दिसत नाहीत, पाय पडला की फुटतात. वरून ऊन आग ओकत असतं. तेव्हा टिटवी डबक्यावर जाते, पोटाची पिसं पाण्यात भिजवते आणि ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसते. ती अंडी उबवत नसते, गार राखत असते. असा फोटो मिळावा म्हणून कुणी जवळ गेला आणि टिटवी ओरडत उठली, तर अंडी उघडी पडतात. मे महिन्यातल्या वाळूवर थोडा वेळ उघडी राहिली तरी आतला जीव भाजून मरू शकतो. ‘टिटवी अंगावर आली’ म्हणून कौतुकाने दाखवला जाणारा फोटो पुष्कळदा याच क्षणाचा असतो.

इथे कायदा काय म्हणतो ते प्रत्येक कॅमेरेवाल्याने वाचायला हवं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या दिली आहे. बंदूक, फासा, विष या गोष्टी तिच्यात आहेतच. त्यांच्या जोडीला पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी खराब करणं आणि अंड्यांना किंवा घरट्याला व्यत्यय आणणं हेही शिकारीतच धरलं आहे. म्हणजे फोटोआड येणारी फांदी तोडून घरटं उघडं पाडणारा माणूस, हातात बंदूक नसतानाही, कायद्याच्या भाषेत शिकारी ठरतो. अनेक छायाचित्र स्पर्धांनीही घरट्यावरचे फोटो स्वीकारणं बंद केलं आहे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला पुढे बोलावणं, घुबडाच्या डोळ्यांवर रात्री फ्लॅश मारणं, सापाला काठीने हवा तसा वळवणं, यांनाही हौशी मंडळींनी आपसांत ठाम नकार द्यायला हवा.

शिकार आणि छायाचित्रण यांचं नातं खानदेशात जुनं आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी आलेला मेजर रॉबर्ट गिल नंतर कॅमेऱ्याकडे वळला. 1864 साली लंडनमध्ये त्याच्या शंभर छायाचित्रांचं पुस्तक निघालं, त्याची वर्णनं जेम्स फर्ग्युसनने लिहिली होती. पुस्तकाच्या नावातच वास्तुकलेबरोबर निसर्गेतिहास हा शब्द होता. गिल नावाजलेला शिकारी होता. त्या काळच्या कॅमेऱ्याची काच उजेडापुढे बराच वेळ उघडी ठेवावी लागे, त्यामुळे पळतं जनावर तिच्यात उतरणं अवघड होतं. 1879 साली गिल वारला. त्याची कबर भुसावळला आहे. त्याच्यानंतर दीडशे वर्षांत यंत्र इतकं सुधारलं, की उडत्या पाखराच्या डोळ्यातली चमक टिपता येते. जनावराला हात न लावता त्याचं चित्र मिळवण्याची सोय गिलला नव्हती, ती आज कॉलेजातल्या पोरालाही आहे. ती वापरायची की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

आता तारीख आणि गाव यांच्याबद्दल. एका खोट्या चिठ्ठीने काय घोटाळा होतो याचा जगातला एक ठळक दाखला खानदेशातच घडला.

रानपिंगळा हे छोटं घुबड 1872 साली, आज छत्तीसगडमध्ये असलेल्या भागात, पहिल्यांदा शास्त्रज्ञांच्या हाती लागलं. पुढच्या वर्षी पक्षीअभ्यासक ॲलन ह्यूमने त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. 1880 च्या दशकात खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने शहादा-तळोदा भागातून त्याचे काही नमुने गोळा केले. 1884 नंतर मात्र पक्षी दिसेनासा झाला. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून त्याचे अवघे सात नमुने होते. त्यातल्या एकावर चिठ्ठी होती: मांडवी, गुजरात, 1914, संग्राहक रिचर्ड माइनर्त्झहागेन. ती चिठ्ठी खरी धरून लोक गुजरातेत शोध घेत राहिले आणि त्यांच्या हाती काहीच लागलं नाही.

1990 च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकी संशोधक महिलेने ते नमुने बारकाईने तपासले. माइनर्त्झहागेनचा पक्षी मुळात डेव्हिडसनने गोळा केलेला होता, तो संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावून ठेवला होता, हे उघड झालं. गुजरात यादीतून गळालं आणि शोध खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांकडे वळला. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह रासमुसेन आधी पूर्वेकडे फिरल्या, मग खानदेशात आल्या. 25 नोव्हेंबर 1997 रोजी सकाळी शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी, निष्पर्ण झाडावर, भर उजेडात बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. एकशे तेरा वर्षांनी. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं. त्यांनी लगेच फोटो काढले, चित्रफीत घेतली. नुसतं ‘पाहिला’ म्हणून कुणी मानलं नसतं, कारण गावोगाव दिसणारा साधा पिंगळा त्याच्यासारखाच असतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं. एवढा फरक दाखवायला फोटोच हवा होता.

या हकिकतीत दोन चिठ्ठ्या आहेत. डेव्हिडसनने प्रामाणिकपणे लिहिलेल्या गावाने शंभर वर्षांनंतरच्या माणसाला थेट त्या झाडापर्यंत नेलं. माइनर्त्झहागेनच्या चिठ्ठीने कित्येक वर्षं जगाला भलत्या दिशेला पाठवलं. पाटणादेवीच्या जंगलात काढलेला फोटो ‘आमच्या गावचा’ म्हणून टाकणारे, पिंजऱ्यातल्या प्राण्याला रानातला म्हणणारे, संगणकावर पक्षी चिकटवणारे किंवा बनवणारे यांनी हे ध्यानात घ्यावं. स्पर्धेचं बक्षीस मिळून जातं, खोटी नोंद मागे राहते.

भडगावपुरतं बोलायचं तर नोंदीची निकड गिरणेमुळे आहे. कळवण-सुरगाण्याकडच्या सह्याद्रीत उगवून मालेगाव, चाळीसगाव, भडगाव, पाचोरा करत जळगावच्या पुढे तापीला मिळणारी ही नदी या तालुक्याचा कणा आहे. नांदगाव तालुक्यात गिरणा धरण, त्याच्या खाली जामद्याचा बंधारा, तिथून निघणारे पाट, यांवर इथली केळी, लिंबू आणि कापूस उभा आहे. याच पात्रातून वर्षानुवर्षं वाळू उपसली जाते. पक्ष्यांना अंडी घालायला जिथे वाळूची बेटं लागतात, तिथे खड्डे आणि उघडा खडक दिसू लागतो. गिरणेवर सात बलून बंधारे, म्हणजे हवेने फुगवायचे रबरी बंधारे, बांधण्याची योजनाही बरीच वर्षं चर्चेत आहे, त्यांत भडगावही आहे. ते झाले तर शेतीला आणि पिण्याच्या पाण्याला मोठा आधार मिळेल, आणि नदीचं रूपही पालटेल. वाहत्या उथळ पाण्याच्या जागी साठलेलं खोल पाणी येईल. चिखल्या, टिटव्या हटतील, कदाचित बदकं वाढतील. या बदलाच्या आधी गिरणा कशी होती, कोणते पक्षी कोणत्या महिन्यात कुठे बसत, हे पुढच्या पिढीने विचारलं तर दाखवायला आज काय आहे? जे आहे ते हौशी लोकांच्या मोबाइलमध्ये आहे, तेही विखुरलेलं, बिनतारखेचं.

यासाठी मोठा खर्च नको, संस्था नको, परवानगीही नको. प्रत्येकाने आपल्या गावात तीन जागा ठरवाव्यात. एक नदीचा किंवा नाल्याचा काठ, एक विहीर किंवा पाझर तलाव, एक शेताचा बांध. दर महिन्याच्या ठरावीक रविवारी, त्याच दगडावर उभं राहून, त्याच दिशेला, एक रुंद दृश्याचा फोटो घ्यावा. मग त्या तासाभरात दिसेल ते टिपावं. कॅमेऱ्यातलं घड्याळ बरोबर लावावं, कारण बॅटरी काढल्यावर अनेक कॅमेऱ्यांत तारीख चुकते आणि मग सगळी नोंद खोटी ठरते. घरी आल्यावर मूळ फाइल जपून ठेवावी, नावात तारीख आणि गाव घालावं. पक्षी ओळखता आला नाही तर ‘ओळख पटली नाही’ असं लिहावं. ‘ई-बर्ड’ आणि ‘आयनॅचरलिस्ट’वर नोंद टाकली तर ओळखायला जगभरातले लोक मदत करतात. बारा महिन्यांनी एका जागेचे बारा फोटो ओळीने लावले की शाळेतल्या मुलांना भूगोलाचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही.

एक अपवाद मात्र पाळायलाच हवा. घुबडाचं घरटं, खवले मांजर, बिबट्या यांचा नेमका ठावठिकाणा जाहीर करू नये. खवले मांजराच्या मागे तस्कर असतात, घुबडांच्या मागे अंधश्रद्धा असते. बिबट्याच्या बाबतीत तर प्रश्न माणसांच्या जिवाचा आहे. 2017 साली चाळीसगाव तालुक्यातल्या गिरणा परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं दगावली आणि डिसेंबरात तो बिबट्या गोळी घालून मारला गेला. त्या दिवसांची भीती या पट्ट्यातला शेतकरी विसरलेला नाही. रात्री पाणी भरायला जाणाऱ्या माणसाला बिबट्या दिसला तर तिथे मोबाइल घेऊन धावणारी गर्दी त्याचा आणि जनावराचा दोघांचाही जीव धोक्यात घालते. आधी वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावं. फोटो नंतर, तोही सुरक्षित अंतरावरून मिळाला तर.

काही जण म्हणतील, भडगावात टिपण्यासारखं आहेच काय? गौताळा-औट्रमघाटचं अभयारण्य चाळीसगावच्या दक्षिणेला, यावलचं जंगल सातपुड्यात, वाघ मुक्ताईनगरकडच्या डोलारखेडा भागात. भडगावात केळी आणि कापूस. हा समज एकदा विहिरीवर बसून तपासावा. अभयारण्यातल्या पक्ष्यांची मोजदाद वनविभाग आणि अभ्यासक करतात. शेतीच्या शिवारातल्या पक्ष्यांची मोजदाद करायला तिथे राहणाऱ्या माणसाशिवाय दुसरं कुणी येणार नाही. नीलपंख, सुगरण, लावा, तित्तीर, टिटवी हे सगळे शेताशेतातले रहिवासी आहेत. फवारणी वाढली, बांध नांगरले गेले, विहिरीवरची बाभूळ तोडली गेली, की ते गुपचूप कमी होतात. गावातला कॅमेरा नसेल तर ते गेल्याचं कळायलाही वर्षं लागतात.

महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. 5 नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, 12 नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा. चितमपल्लींनी वनखात्यात नोकरी करता करता पक्ष्यांची, झाडांची शेकडो नावं आदिवासींकडून, गावकऱ्यांकडून गोळा करून मराठीत आणली. 2025 साली ते गेले. त्यांनी शब्दांनी केलेलं काम खानदेशातल्या हौशी छायाचित्रकारांना चित्रांनी पुढे नेता येईल. येत्या पक्षी सप्ताहात भडगाव तालुक्यातल्या प्रत्येक शाळेने, वाचनालयाने आपल्या शिवारातल्या फोटोंची एक भिंत लावावी. अटी तीनच: फोटो आपल्या तालुक्यातला असावा आणि खाली पक्ष्याचं नाव, गाव व तारीख असावी. घरट्याचा फोटो नको. तालुक्यातल्या ज्यांच्याकडे जुने फोटो पडून आहेत, त्यांनी आजच ते काढावेत, आठवत असेल तोवर त्यांच्यावर गाव आणि महिना लिहावा, आणि मूळ फाइलची एक प्रत जवळच्या वाचनालयात द्यावी.